कोंबडीखाली सशाची पिल्लं

“मालन, ए मालन! ये गं जरा हिकडं. बघ तर खरं ह्या बयेचं काय चाललंय.”

मालन आमची शेजारीण. परड्याच्या कुंपणापलीकडं ती धुणं वाळत घालत होती. हातातलं ओलं लुगडं तसंच खांद्यावर टाकून आली. मी सशाच्या पिंजऱ्यापुढं उकिडवी बसले होते. पिंजऱ्यात एका अंगाला आंब्याची रिकामी पेटी ठेवलेली. पेटीत भाताचं काड, काडावर पांढरीनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेली गादी, आणि त्या गादीत सात पिल्लं. गुलाबी, उघडीवाघडी, डोळे मिटलेली, एकेक माझ्या करंगळीएवढं. आणि त्यांची आई, ही पांढरी, पार दुसऱ्या कोपऱ्यात पाठ फिरवून लसूणघास खात बसलेली.

“पहाटे कधीतरी व्याली. तवापास्नं अशीच बसलीया,” मी म्हटलं. “एकदा वळून बघितलं न्हाई. सात पोरं घातली आणि मोकळी झाली.”

“पहिलटकरीण हाय, आक्काताई. कळंल हळूहळू.”

“कळायचं काय त्यात? माझ्या कोंबड्यांना कुणी शाळंत घातलं हुतं का?”

मालन हसली. “तुमचं आपलं कोंबड्यांवरनं सुरू हुतंय आणि कोंबड्यांवरच संपतंय.”

ते खोटं नव्हतं. ही बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. त्या वेळी माझ्याकडं अकरा गावठी कोंबड्या होत्या आणि गावात माझा शब्द चालायचा तो फक्त कोंबड्यांच्या बाबतीत. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची ती नऊ, नाहीतर अकरा, जोडीचा आकडा कधी ठेवायचा नाही. पिल्लं फुटली की दोन दिवस बारीक कण्याच टाकायच्या. घार फिरायला लागली की डालगं कुठं पालथं घालायचं. हे सगळं विचारायला बायका माझ्याकडं यायच्या, आणि मी एकाला दोन गोष्टी सांगायची. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवरनं हलत नाही. दाण्याला उठली तरी घाईघाईनं चार चोची मारून परत जागेवर. पिल्लं झाली की त्यांना पंखाखाली घेऊन भर उन्हातसुद्धा बसून राहते. आई कशी असावी ते कोंबडीकडनं शिकावं, असं मी येईल त्याला सुनवायची.

सशांचं मात्र मला ओ की ठो माहीत नव्हतं. फाउंड्रीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून माझ्या लेकानं, धनाजीनं, वडगावच्या बाजारातनं एक जोडी आणली आणि आणून माझ्या गळ्यात बांधली. त्याला फाउंड्रीत रात्रपाळी. तो सकाळी यायचा आणि झोपला की मेल्यासारखा झोपायचा. ससे माझ्याकडं, कोंबड्या माझ्याकडं आणि नातसुद्धा माझ्याकडं.

नातीचं नाव शर्वरी. सात महिन्यांची होती. तिची आई, माझी सून वैजयंता, एसटीत कंडक्टर. बाळंतपणाची रजा संपून महिना झाला होता. पहाटे पाचला दुधाची गाडी आमच्या कोपऱ्यावर यायची, तिच्यात बसून ती डेपोला जायची. त्याआधी झोपलेली पोर हळूच माझ्या शेजारी आणून ठेवायची आणि जायची. परत यायला दुपारचे तीन. मी झोपेतच कूस बदलून पोरीला कुशीत घ्यायची. पोर आठ वाजेपर्यंत हूं की चूं करायची नाही. मी मालनला सांगायची, “बघ, आजीच्या उबंत कशी निजतीया. आई असून नसल्यासारखीच.”

आता खरं ते सांगते. पांढरी व्याली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी वैजूच्या वडलांना फोन केला होता. हिंदुरावआण्णा, रिटायर पोस्टमन, सरळ माणूस. मी म्हटलं, “पाव्हणं, पोरीची लई आबाळ हाय. दिवसभर आईसाठी रडती. आईचं दूध कसलं असतं ते तिला ठावं न्हाई. तुमच्या लेकीला तुम्हीच सांगा, नोकरी सोड म्हणून. माझं ती ऐकायची न्हाई.” बोलता बोलता मला रडूसुद्धा आलं. आण्णा म्हणाले, “येत्या रविवारी येतो, विहीणबाई. मिटवून टाकू.” वैजू त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे रविवारी तिची नोकरी सुटणार, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आणि दिवसभर रडती, आईचं दूध ठावं न्हाई, हे मी तिखटमीठ लावून सांगितलं होतं, हेही मला माहीत होतं.

तर सोमवार गेला. मी दहादा जाऊन पिंजऱ्यात डोकावले. पांढरी खायची, कान खाजवायची, पाय लांब करून पडायची. पेटीकडं जायची नाही. मंगळवारही तसाच. दुपारी तर मी तिच्या पाठीत काडी टोचून तिला पेटीकडं ढकललं. “जा की गं भवाने, तुझीच हाइत ती!” तिनं उडी मारली ती थेट पाण्याच्या भांड्यात, आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच चुकले.

संध्याकाळी मला राहवेना. माझी कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी चार दिवसांमागं खुडूक झाली होती, अजून तिच्याखाली अंडी ठेवली नव्हती. रिकाम्या पाटीतच अंग फुगवून, कुरकुर करत बसलेली. मी सातही पिल्लं पदरात घेतली आणि एकेक करून कवडीच्या पोटाखाली सरकवली.

कवडीनं मान वाकडी करून बघितलं. मला वाटलं, आता टोचती का काय! पण नाही. तिनं पंख पसरले, पोट जरा उचललं आणि सातही जीव पोटाखाली ओढून घेतले.

“मालन!” मी ओरडलेच. “बघ गं बाई! कोंबडी असून हिला कळतंय, आणि त्या रांडेला कळत न्हाई.”

मालन कुंपणावरनं बघत होती. “पर आक्काताई, दूध कोण पाजणार?”

“मी हाय की. धनाजी अशक्त हुता तवा मी त्याला कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलाय.”

आणि त्या रात्री मी समाधानानं झोपले. खरंच सांगते, मला वाटलं मी मोठं पुण्याचं काम केलं.

बुधवारी सकाळी शर्वरी उठायच्या आत मी गाईचं दूध कोमट केलं, वात भिजवली आणि पिल्लांच्या तोंडाला लावली. पहिल्या दोघांनी चुळबुळ केली. दूध त्यांच्या नाकातनं परत आलं. मी पुसलं, परत लावलं. बाकीच्यांनी तोंडच उघडलं नाही. कवडीखाली ती ऊबदार होती, पण तिच्या पिसांत तोंडं खुपसून खुपसून काहीतरी शोधत होती. त्यांच्या पोटाला सुरकुत्या पडल्या होत्या. दुपारी बारा वाजता बघितलं तर ती पहिली दोन गार पडली होती.

मी त्यांना पेरूच्या बुडाशी पुरलं. तोंडानं मी पांढरीलाच शिव्या घालत होते. दुसऱ्याला शिव्या घातल्या की आपल्याकडं बघावं लागत नाही, ही सोय मला चांगली माहीत होती.

तीनला वैजू आली. रोजच्यासारखी आधी मोरीत गेली, हातपाय धुतले, खाकी कपड्यांवरची धूळ झटकली आणि शर्वरीला माझ्याकडनं घेतलं. पोर तिच्या गळ्याला चिकटली. तिला कडेवर घेऊनच ती परड्यात आली.

“आत्ती,” ती म्हणाली, “पिल्लं कुठायत?” आमच्याकडं सून सासूला आत्ती म्हणते.

“तुला काय ठावं पिल्लं न्हाईत ते? आत्ता तर उगवलीस.”

“पहाटे जाताना बघितलं. पांढरी पेटीत शिरत हुती, बाहेर येत हुती, परत शिरत हुती. सगळं काड उकरून टाकलं हुतं. बॅटरी मारली तर पेटी रिकामी. मला वाटलं, मांजरानं नेली.”

“मांजरानं न्हाई, मी नेली.” मी कवडीला जरा उचलून दाखवलं. “पाच हाइत. दोन गेली. आईनं टाकलेली पोरं जगतात व्हय?”

वैजूनं खाली वाकून पिल्लांकडं बघितलं. एकाच्या पोटावर बोट ठेवलं. “तिनं टाकली न्हाईत, आत्ती. ती पहाटे येती. काल मी बघितलंय. पेटीत गेली, पाजलं, बाहेर आली.”

“किती वेळ?”

“असंल पाच मिनिटं.”

“वा गं वा! पाच मिनिटं तोंड दाखवायचं आणि दिवसभर आपल्या वाटंनं जायचं, एवढ्यात आई हुता येतं व्हय?”

बोलले आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. हे पांढरीला लागलं नव्हतं. तिच्या कडेवर पोर, आणि पोरीच्या पाठीवरचा तिचा हात थोपटता थोपटता थांबला. मला वाटलं आता उलट बोलेल. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडण काढायला मी तयारच होते. पण तिनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, ओढणी काढली, कवडीच्या पोटाखालनं पाचही पिल्लं एकेक करून ओढणीत घेतली आणि चालायला लागली.

“अगं, कुठं नेतीस? गारठून मरतील!”

ती पिंजऱ्याकडं गेली. पेटीतलं काड नीट केलं, विस्कटलेले पांढरे केस गोळा करून वाटी केली आणि पिल्लं त्यात ठेवली.

“मेली तर पाप तुझ्या माथी,” मी म्हटलं.

“असू दे,” ती म्हणाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझ्या शब्दाबाहेर जाऊन तिनं केलेलं हे पहिलं काम.

रात्री आम्ही दोघी जेवलो, पण एकमेकींशी बोललो नाही. आमटी हवी का नको, तेवढंच.

“आत्ती, उठा.”

मी दचकून उठले. अंधार होता. वैजू खाकी कपडे घालून, केस बांधून माझ्या उशाशी उभी.

“शर्वरीला काय झालं?”

“काय न्हाई. झोपलीया. परड्यात चला. एकदा बघा, मग रविवारी आण्णांच्या म्होरं काय बोलायचं ते बोला.”

“तुला कुणी सांगितलं रविवारचं?”

“आण्णांनीच. राजीनाम्याचा अर्ज लिहून आणतो म्हणालेत. चला, वेळ हुईल.”

ती रागावली नव्हती. कंडक्टर प्रवाशाला पुढं सरका म्हणतो, तसं म्हणाली. मी शाल ओढली आणि तिच्या मागनं गेले.

परड्यात चांगलाच गारवा होता. आम्ही पिंजऱ्यापासनं चार हातांवर, जळणाच्या ढिगाआड बसलो. वैजूनं बॅटरीच्या तोंडावर ओढणी धरली होती, अंधुक उजेड पडत होता. पांढरी तिच्या कोपऱ्यात. काही होईना. माझे गुडघे दुखायला लागले. “बघ, म्हटलं नव्हतं...” मी कुजबुजायला गेले, तेवढ्यात वैजूनं माझा हात दाबला.

पांढरी उठली. कान उभे करून चहूकडं बघितलं. दोन उड्यांत पेटीपाशी आली, तिसरीत आत. बसली नाही. चारी पायांवर उभी राहिली, पाठ कमानीसारखी केली, आणि खालनं पाचही पिल्लं वळवळत वर आली, उताणी होऊन तिच्या पोटाला लागली. चुकचुक आवाज आम्हाला ऐकू येत होता. पांढरी हलत नव्हती. एरवी पान वाजलं तरी उड्या मारणारी ती बया, डोळे उघडे ठेवून ताठ उभी होती. वैजूनं मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं. साडेचार मिनिटं. मग पांढरी बाहेर आली, तोंडानं केस पिल्लांवर सारले आणि कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून बसली. पेटीशी जणू तिचं काही देणंघेणं नव्हतं.

वैजूनं पेटीत हात घालून एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं. पोट तट्ट फुगलेलं. सुरकुती म्हणून नाही. पातळ कातडीखालनं आतलं दूध पांढरं दिसत होतं.

ज्या दोघांना मी पुरलं होतं, त्यांची आई पहाटे रिकामी पेटी उकरत होती, आणि मी पलीकडं घोरत होते.

“कोंबडीला पिसं हाइत, आत्ती,” वैजू हळूच म्हणाली. “तिनं बसूनच राहायला पायजे. हिचं दूध एकदा पाजलं की दिवस निघतो. आणि दिवसभर पेटीत ये-जा केली तर मांजराला जागा कळंल. म्हणून लांब बसती ती. आमच्या गाडीला एक पशुवैद्य बाई असत्यात, त्यांनी काल सांगितलं.”

आम्ही आत आलो. मी माझ्या अंथरुणावर टेकले. वैजूनं घड्याळ बघितलं आणि पलीकडच्या खोलीतनं शर्वरीला उचलून आणलं. भिंतीला पाठ लावून खाली बसली, तिकिटाची बॅग एका खांद्यावरनं तशीच लोंबत होती, आणि पोरीला छातीशी घेतलं. पोरीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. झोपेतच चुकचुक प्यायला लागली, एका मुठीत आईच्या खाकी शर्टाचं बटण धरलेलं.

मी बघत राहिले.

“रोज पाजतीस?”

“रोज.”

“ह्या वक्ताला?”

“ह्या वक्ताला न्हाईतर कधी? चारला उठती मी. अंगात दूध ठेवून गाडीत उभं राहवत न्हाई, आत्ती. गारगोटीला पोचेस्तोवर ठणकायला लागतंय. आधी हिला देते, उरलेलं वाटीत काढून फडताळात ठेवते. तुम्ही नऊला चमच्यानं पाजता, ते तेच की.”

वाटी मला माहीत होती. मी ती रोज गरम पाण्यात ठेवून कोमट करायची. रात्रीच कधीतरी भरून ठेवत असेल, असं मी धरून चालले होते. पण त्या वाटीमागं पहाटे चारला उठणारी बाई आहे हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आणि पोर आठपर्यंत झोपायची ती माझ्या उबेनं नव्हे. तिचं पोट भरलेलं असायचं.

“मला कधी बोलली न्हाईस ते?”

“तुम्ही झोपलेल्या असता. आणि बोलून तरी काय? पोरीला दूध पाजलं हे सांगायचं असतं व्हय कुणाला?”

बाहेर दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला. तिनं पोरीला माझ्या कुशीत ठेवलं, बटणं लावली आणि गेली.

आता कुणीही म्हणेल, एवढं डोळ्यांनी बघितल्यावर आक्काताईनं त्याच दिवशी पाव्हण्यांना फोन करून सगळं निस्तरलं असेल. नाही केला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मी एक शब्द काढला नाही. तिच्याजवळ नाही, धनाजीजवळ नाही. तिनंही विचारलं नाही. पहाटे पोर शेजारी येऊन पडायची, मी जागी असून डोळे मिटून पडायची. मालननं विचारलं, “पिल्लं परत पेटीत कशी वो?” तर मी तिला म्हटलं, “तुला काय करायचंय?”

रविवारी अकराला हिंदुरावआण्णा आले. धुतलेलं पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. नातीसाठी खुळखुळा आणला होता. मी कोंबडा कापला होता, तांबडा रस्सा चुलीवर होता. धनाजीला उठवून बसवलं. वैजू दाराशी, मांडीवर पोर.

पाणी प्यायल्यावर आण्णांनी पिशवीतनं एक कागद काढला. प्लास्टिकच्या पाकिटात नीट घडी करून ठेवलेला. “बाळ,” ते लेकीला म्हणाले, “तुला नोकरीला लावायला मी किती हेलपाटे घातले ते तुला ठावं हाय. माझ्या जिवाला बरं वाटतंय असं समजू नको. पर लेकरू आधी, बाकी सगळं मागनं. हितं सही कर.”

“वाचा तरी आण्णा, काय लिवलंय,” धनाजी म्हणाला.

आण्णांनी चष्मा लावला. मोत्यासारखं अक्षर होतं त्यांचं. “माननीय आगार व्यवस्थापक साहेब यांस... विनंती अर्ज करते की, माझ्या तान्ह्या मुलीची आबाळ होत असल्यामुळे...”

आबाळ. हा माझाच शब्द. फोनवर मीच टाकलेला. त्यांनी तो जसाच्या तसा उचलून सुंदर अक्षरात लिहिला होता, खाली त्यांच्या लेकीचं नाव. म्हणजे वैजूनं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं की ‘मी माझ्या पोरीकडं बघितलं नाही’.

मला वाटलं होतं ती वाद घालेल. चार पहाटे मी त्याचीच वाट बघत होते. ती माझ्याकडं एकदा बघून मग म्हणाली, “पेन द्या, आण्णा.” पेन घेतलं, टोपण काढलं, आणि कागद पोरीच्या पाठीमागनं गुडघ्यावर ठेवला.

“थांब,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. रस्सा उतू जात होता, मला वास येत होता, पण उठवेना.

“ते खोटं हाय, पाव्हणं. पोरीची आबाळ हुत न्हाई. मी फोनवर खोटं बोलले.”

“आई?” धनाजी म्हणाला.

“तू गप बस. दिवसभर घोरतोस, तुला काय ठावं! ही चारला उठून पोरीला पाजती. वाटीत दूध काढून ठेवती. पोर दिवसभर खेळती. मी सांगितलं रडती म्हणून.”

आण्णांनी चष्मा काढला. “विहीणबाई, तुम्ही तर फोनवर रडत हुता.”

“हुते. खरं रडत हुते. पर पोरीसाठी न्हाई, माझ्यासाठी.”

मग सांगितलं. आजवर मालनलाही सांगितलं नव्हतं. मी सातवी पास. धनाजी पोटाशी होता तेव्हा गावात बालवाडी निघाली आणि बाई म्हणून माझं नाव लागलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पोर टाकून उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर परत येऊ नको. मी नाही गेले. पोर घेऊन बसले. एक दिवस नाही, अठ्ठावीस वर्षं बसले. आणि बसणं हीच मोठी गोष्ट, बसते तीच आई, असं मी माझं मलाच शिकवलं, मग कोंबड्या दाखवून साऱ्या गावाला शिकवलं.

“आणि ही आली,” मी म्हटलं. “खाकी घालून जाती, राज्यभर फिरती, आणि पोर तरी तिच्याकडंच झेपावती. ही गेली आणि तरी चांगली आई निघाली, तर मी कशासाठी बसले वो, पाव्हणं? गुरुवारी डोळ्यांनी बघितलं तरी मला कबूल करवंना, ते ह्याच्यापायी.”

शर्वरी खुळखुळा चोखत होती. आण्णांनी पुढं होऊन लेकीच्या गुडघ्यावरचा कागद उचलला, परत पाकिटात घातला.

“चार कागद खराब झाले तवा कुठं हा एक धड लिवला,” ते म्हणाले. मग लेकीला विचारलं, “तुझं काय म्हणणं, बाळ?”

वैजू रडत होती, पण बोलली ते ठणठणीत. “उद्या माझी पहाटेची ड्युटी हाय, आण्णा.”

“मग जेवू या की,” धनाजी म्हणाला. “करपला वाटतं रस्सा.”

करपलाच होता. आण्णांनी तोच दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पावणेचारला उठले. गॅसवर चहा ठेवला. वैजू केस बांधत बाहेर आली आणि दारातच थबकली.

“आत्ती? तुम्ही कशाला उठला? झोपा की.”

“बस तू. आधी पोरीला घे.”

ती भिंतीला टेकून बसली. पोर लागली प्यायला. वैजूचा एक हात पोरीच्या मानेखाली, दुसरा तिच्या पाठीवर. मी चहा बशीत ओतला, तिच्यापुढं बसले आणि बशी तिच्या ओठांना लावली. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते तिचे, माझेही.

“गरम हाय,” मी म्हटलं. “फुंकून पी.”